घरचं नेट चालूच होतं

"सर, तुमची गाडी बोलतीया."

स्कूटर स्टँडवर लावता लावता मी मान वर केली. आमच्या अपार्टमेंटचे सेक्रेटरी आदगोंडा चौगुले कमरेवर हात ठेवून उभे होते. त्यांच्या मागं, दोन पावलं राखून, वॉचमन लगमाण्णा.

"गाडी बोलत नसते, काका. हॉर्न वाजला असेल."

"हॉर्न न्हवं ओ. बाईच्या आवाजात बोलतीया. लगमाण्णा, तूच सांग सरांना."

लगमाण्णानं टोपी काढून हातात घेतली. साक्ष द्यायची वेळ त्याच्यावर प्रथमच आली असावी. "दुपारच्याला, दोन-अडीचला. मी मीटरखोलीपाशी बसलो हुतो. गाडी म्हनली, 'दोनशे मीटरवर डावीकडे वळा.' मी डावीकडं बगितलं. तिकडं नुसती पाण्याची टाकी."

"बरं, मग?"

"मग उलसं थांबून म्हनली, 'आपण आपल्या ठिकाणी पोहोचला आहात.'" त्यानं टोपी परत डोक्यावर घातली. "ते मात्र खरं हुतं. गाडी जागची हललीच न्हवती."

"माझ्या गाडीला मराठी येत नाही," मी म्हणालो. "इंग्रजी येतं, हिंदी येतं. मराठी पुढच्या अपडेटमध्ये येणार आहे."

"ते तुमचं तुम्ही बगा," चौगुले म्हणाले. "रविवारच्या मीटिंगला तुमच्या चार्जरचा विषय हाय. गाडी लावायला परवानगी हाय, चार्जरची मागताय. पण बोलणाऱ्या गाडीला चार्जर द्यायचा म्हंजे पोटनियमात बसवायचं कसं? पोरंबाळं भ्यायलीत खाली."

ही गोष्ट मंगळवारची. चार वर्षं झाली तिला. त्या वेळी मी सांगलीतल्या एका तंत्रनिकेतनात शिकवत होतो. विषय संगणकांची जोडणी. अठरा वर्षं मी पोरांना एकच गोष्ट घोकून घेत आलो होतो: आधी ऐका, मग निदान करा. जाळ्यात बिघाड कुठं आहे हे जाळंच सांगतं, फक्त कान हवा.

गाडी आठ महिन्यांची होती. विजेवर चालणारी, पांढरी, विश्रामबागेतली पहिली नसली तरी आमच्या गल्लीतली पहिली. मी ती रोज काढत नसे. नवी वस्तू रोज काढायची नसते हे आमच्या घराचं वळण आहे. आईच्या रुखवतातला चांदीचा तांब्या असाच अजून नवा आहे. कॉलेजला मी स्कूटरवरून जाई आणि गाडी खाली पार्किंगमध्ये, चारी काचांना चंदेरी पडदे लावून, सीटवरच्या मूळ प्लॅस्टिकसकट, शांतपणे उभी असे. तिची अपडेटं नेटवरून यायची, म्हणून मीटरखोलीशेजारच्या खांबाला मी घरचं वायफाय तिथवर पोचवणारा एक डबा बसवला होता. राउटरच्या यादीत त्याला नाव दिलं 'गाडी'. पासवर्ड लांबलचक ठेवला आणि विसरायला नको म्हणून चिठ्ठीवर लिहून फ्रिजवर चिकटवला.

रात्रीच्या जेवणाला आम्ही तिघं. मुलगी पुण्याला शिकायला गेल्यापासून तिघंच. माझे वडील, अण्णा, हे कोर्टात नाझर होते. निवृत्त होऊन वीस वर्षं झाली तरी ताटाभोवतीही शिस्त ठेवायचे. त्यांच्यासमोर मी मोबाइल काढत नसे. त्या दिवशी काढला.

राउटरच्या ॲपमध्ये आलेख बघितला आणि माझा घास हातातच राहिला. गेले तीन आठवडे, शनिवार-रविवार सोडून रोज, दुपारी दीड ते चार या वेळात 'गाडी' नेट वापरत होती. थोडंथोडकं नव्हे. आणि घेण्यापेक्षा पाठवतच जास्त होती.

"अहो," शरयू म्हणाली, "शुक्रवारी अडीचला माझी ऑनलाइन टेस्ट आहे."

"हं."

"शेवटची फेरी आहे. त्या दिवशी तेवढे नेटवर प्रयोग करू नका."

"हं."

"शेजारच्या साबण्यांचं फरशीचं काम काही महिनाभर संपत नाही. आपल्या आतल्या खोलीत त्या कटरचा आवाज भिंत फोडून येतो. म्हणून मी गाडीत—"

"गाडीचं नाव काढू नकोस," मी म्हणालो. "तिथंच तर सगळा घोळ आहे."

तिनं पळी उचलली. आमटी वाढली. अण्णांनी ताक मागितलं.

"नेट चालू राहील ना पण?" तिनं पुन्हा विचारलं.

"घरच्या नेटला कोण हात लावतंय?" मी म्हणालो. हा शब्द मी दिला, आणि पुढं तो अक्षरशः पाळलाही. कुणी मला शब्द मोडल्याचा दोष देऊ शकणार नाही.

लग्नाआधी शरयू आकाशवाणीवर हंगामी निवेदक होती. सकाळच्या सभेत तिचा आवाज ऐकून अण्णांनीच चौकशी केली होती, स्थळ तिथूनच जुळलं. लग्नानंतर ते सुटलं. कुणी सोडायला सांगितलं नव्हतं, तसं सुटतंच. नंतरची एकोणीस वर्षं तो आवाज दूधवाल्याला, रिक्षावाल्याला आणि मला हाक मारण्याच्या कामी आला. त्यातली पहिली दोन माणसं लगेच ओ द्यायची.

बुधवारी मी गाडीच्या ॲपमधली नोंदवही उघडली. दारं दुपारी १:२० ला उघडली, 'दुसऱ्या किल्लीने'. एसी सुरू. मधूनमधून बंद, पुन्हा सुरू. ३:५० ला एसी बंद, दारं बंद, 'दुसऱ्या किल्लीने'. रोज असंच. चाकं मात्र एक इंचही फिरलेली नाहीत.

दुसरी किल्ली आमच्याकडं देवघराच्या खणात, उदबत्तीच्या पुड्याखाली असते. जाऊन बघितलं. किल्ली जागेवर.

"शरयू, ही किल्ली कुणी घेतली होती का?"

"मी घेते की दुपारी," ती कणीक मळता मळता म्हणाली.

मी हसलो. तिला गाडी चालवता येत नाही. दोनदा शिकवायला घेतलं आणि दोन्ही वेळा आम्ही वेगवेगळ्या रिक्षांनी घरी आलो. त्यामुळं तिनं किल्ली घेण्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता. जे शक्यच नाही ते यादीतून आधी वगळायचं, ही निदानाची पहिली पायरी. वगळलं.

मग उरलं एकच. किल्लीची नक्कल. किल्लीतून निघणारे संकेत टिपून दुसऱ्या यंत्रात उतरवणाऱ्या चोरांबद्दल मी वर्गात दर वर्षी एक तास बोलतो. खाली जाऊन गाडीची तपासणी केली. काच फुटलेली नाही, ओरखडा नाही. फक्त मागच्या सीटवरचं प्लॅस्टिक काढलेलं, आणि काढून, चौकोनी घडी करून, डिकीत ठेवलेलं. शेजारी एक सोलापुरी चादर, तीही घडी घालून.

"नीटनेटका चोर आहे," मी चौगुल्यांना सांगितलं.

"चादर घिऊन येतोय म्हंजे झोपायलाच येत असणार," ते म्हणाले.

"झोपेत कुणी दोनशे मीटरवर डावीकडे वळा म्हणतं का?"

"आमच्या मेव्हण्याचा डायवर म्हनायचा."

लगमाण्णानं आणखी एक पुरावा दिला. मंगळवारी त्यानं धीर करून चंदेरी पडद्याच्या फटीतून आत डोकावलं होतं. आत माणूस नव्हतं. मागच्या सीटवर नुसता चादरीचा ढीग होता आणि तो ढीग बोलत होता.

"काय बोलत होता?"

"'कृपया सीटबेल्ट लावा.' मला कुटला सीटबेल्ट, सर? मी पळालो."

माझ्या डोक्यात चित्र स्पष्ट झालं. कुणीतरी बाहेरून गाडीच्या संगणकात शिरलंय, त्यात काहीतरी चढवतंय, त्याची चाचणी घेतंय, आणि हे सगळं माझ्या घरच्या वायफायवरून. उद्या सायबर पोलीस आले तर दार माझं वाजणार. आणि रविवारी चार्जर नामंजूर झाला तर आठ महिन्यांची गाडी मला चार्ज करायला रोज बायपासवर न्यावी लागणार, म्हणजे रोज काढावी लागणार. चोराला रंगेहाथ पकडायचं ठरवलं. शुक्रवारी, दुपारी अडीचला, कारण आलेखात तीच वेळ सगळ्यात गजबजलेली होती.

गुरुवारी रात्री शरयू आरशासमोर उभी राहून ओठांचे विचित्र व्यायाम करत होती.

"काय होतंय?"

"उद्याची तयारी. अहो, उद्या दुपारी गाडी लागणार नाही ना तुम्हाला?"

"गाडीचं मी बघतो उद्या," मी म्हणालो. "उद्या तो विषय कायमचा संपवतो."

"म्हणजे?"

"तांत्रिक आहे."

शुक्रवारी परीक्षेचे दिवस असल्यानं स्टाफरूम जवळपास रिकामी होती. मी खिडकीजवळची खुर्ची धरली. समोर हसबनीस पेपर तपासत होते. हे गणिताचे, आणि फार बोलणारे नव्हेत.

एक वाजून वीस मिनिटांनी मोबाइल थरथरला. दार उघडलं, दुसऱ्या किल्लीने.

"आला," मी म्हणालो.

"कोण?"

"चोर. माझ्या गाडीत."

हसबनिसांनी लाल पेन खाली ठेवलं. "मग तो गाडी नेत का नाही?"

"त्याला गाडी नकोय. नेट हवंय."

"मग एसी कशाला लावलाय?"

"मे महिना आहे, हसबनीस."

त्यांनी पेनाला टोपण लावलं. "गाडीची किल्ली आणखी कुणाकडं असते?"

"घरी. पण घरी कुणालाच गाडी येत नाही."

"गाडीत बसायला गाडी यावी लागते का?" असं म्हणून ते पुन्हा पेपरकडं वळले. गणिताच्या लोकांना प्रत्यक्ष जगातलं फारसं कळत नाही, एवढंच तेव्हा माझ्या मनात आलं.

अडीचला आलेख उभा चढला. मी चौगुल्यांना फोन लावून ठेवला. ते लगमाण्णा आणि काठी यांच्यासह पाण्याच्या टाकीमागं दबा धरून होते.

"काय ऐकू येतंय?"

"बोलतीया," चौगुले कुजबुजले. "लई ग्वाड बोलतीया, सर. 'पुढच्या चौकात उजवीकडे वळा.' ऐकून वळावंसंच वाटतंय."

"वळू नका. थांबा."

दोन वाजून एकेचाळीस मिनिटांनी मी राउटरचं ॲप उघडलं. शरयूला दिलेला शब्द माझ्या पूर्ण लक्षात होता. घरचं नेट मी चालूच ठेवलं. फक्त 'गाडी' या नावापुढचं बटण दाबलं. एका क्षणात आलेख सरळ खाली येऊन तळाला टेकला. अठरा वर्षांत फळ्यावर काढलेल्या कुठल्याही आकृतीनं मला इतकं समाधान दिलं नव्हतं.

मग गाडीचं ॲप उघडलं. दिवे लावले. आणि चोराचं अवसान गळावं म्हणून भोंगा वाजवला. तीनदा. लांब.

"आता!" मी फोनवर ओरडलो. "उघडा दार!"

फोनमध्ये धावपळ ऐकू आली, काठी कशाला तरी आपटल्याचा आवाज, दार उघडल्याचा आवाज. नंतर काहीच नाही.

"काका? सापडला का?"

"सापडलं," चौगुले म्हणाले.

"कोण आहे?"

"वहिनी हाईत."

"वहिनी? ती कशाला आली खाली? तिला म्हणावं लांब हो, चोराच्या हातात काही असेल."

"सर." चौगुल्यांचा आवाज मी इतका हलका कधी ऐकला नव्हता. "चोर न्हाई. वहिनीच हाईत."

हसबनिसांनी मान वर न करता एका पेपरावर भोपळा दिला. तो पेपरालाच दिला असावा.

घरी पोचलो तेव्हा चारला पाच कमी होते. अण्णांची झोप एक ते चार, त्यांच्या दिवाणावर, हॉलमध्ये. त्या वेळात आमच्याकडं मिक्सर लागत नाही, टीव्ही लागत नाही, दाराची बेल बंद असते. शरयू स्वयंपाकघरात चहाचं आधण ठेवत होती. केस घामानं कपाळाला चिकटलेले. ओट्यावर मुलीचा जुना लॅपटॉप, त्याला जोडलेला लहानसा माइक, आणि एक कागद. कागदावर वीस वाक्यं छापलेली होती. पहिल्या बारांपुढं पेन्सिलीनं बरोबरच्या खुणा होत्या.

मी तेरावं वाक्य वाचलं. 'मार्ग बदलला आहे, कृपया प्रतीक्षा करा.'

"ही कसली टेस्ट?"

"बंगळूरच्या कंपनीची. गाड्यांमधून रस्ता सांगणारा मराठी आवाज हवाय त्यांना. साडेपाचशे जणींतून आम्ही तिघी उरलो होतो."

"मग तू मला सांगायचंस ना!"

ती माझ्याकडं बघत राहिली. रागानं नाही. वर्गात एखाद्या पोरानं पाठ केलेलं उत्तर चुकीच्या प्रश्नाला दिलं की मी बघतो, तसं काहीसं.

"मंगळवारी सांगितलं. बुधवारी सांगितलं. काल विचारलं."

"गाडीत बसून करणार हे नाही सांगितलंस."

"ते सांगतानाच तुम्ही म्हणालात, गाडीचं नाव काढू नकोस."

"पण गाडीतच कशाला? आख्खं घर आहे."

"हॉलमध्ये अण्णा झोपतात. आतल्या खोलीला साबण्यांचं कटर. तिसऱ्या खोलीला तुमचं कुलूप."

तिसऱ्या खोलीत माझे राउटर, तारा आणि उघडून ठेवलेली यंत्रं असतात. कुणी झाडू मारताना काही हलवू नये म्हणून मी कुलूप लावतो. किल्ली माझ्या खिशात असते. त्या खिशाकडं माझा हात गेला आणि तिथंच थांबला.

"गाडीत बाहेरचा आवाज येत नाही," ती म्हणाली. "इंजिन नाही. काचा लावल्या, वरून चादर घेतली की स्टुडिओच. तीन आठवडे तिथंच सराव केला. नमुने तिथूनच पाठवले. प्लॅस्टिक वाजायचं म्हणून काढलं, नीट ठेवलंय."

"बघितलं मी."

"एसीसुद्धा माइक चालू असताना बंद करायची."

"परत घेतील की ते टेस्ट," मी म्हणालो. "तांत्रिक बिघाड झाला असं मी लिहून देतो. कॉलेजच्या लेटरहेडवर."

"विचारलं मी. फोन करून विचारलं. ते म्हणाले, शांत जागा आणि भरवशाचं नेट ही पहिलीच अट होती." तिनं आल्याचा तुकडा ठेचला. "नेट तुटलं ते त्यांनी सोडून दिलं असतं कदाचित. ते थांबले होते. त्यांच्या बाईनं फोनवरून विचारलंही, मॅडम, मोबाइलवरून पुढं सुरू करायचं का. मी हो म्हणेपर्यंत भोंगा वाजला. तीनदा."

मला काहीतरी बोलायलाच हवं होतं.

"घरचं नेट चालूच होतं," मी म्हणालो.

"हो," ती म्हणाली. "बघितलं मी."

तिनं चहा गाळला. चार वाजले. हॉलमधून अण्णांच्या खोकल्याचा आवाज आला. म्हणजे दिवस पुन्हा सुरू झाला. कप घेऊन मीच गेलो.

"आज लवकर?" अण्णा म्हणाले.

"अण्णा, शरयू रोज दुपारी खाली जायची, तुम्हाला माहीत होतं?"

"एक वीसला कडी वाजते. चारला दहा कमी असताना पुन्हा वाजते. तीन आठवडे झाले." त्यांनी बशीत चहा ओतला. "पंधरा पायऱ्या उतरल्या की गुणगुणायला लागते. आवाज अजून तसाच आहे पोरीचा."

"मग तुम्ही मला सांगितलं का नाही? मी चार दिवस चोर शोधतोय."

"मला कुणी विचारलं?" नाझरसाहेब म्हणाले. "विचारल्याशिवाय साक्षीदारानं बोलायचं नसतं."

रविवारच्या मीटिंगमध्ये चार्जरचा विषय चौगुल्यांनी स्वतःच पहिला घेतला. "गाडी बोलत न्हवती, वहिनी बोलत हुत्या, त्यामुळं पोटनियमाचा प्रश्न येत न्हाई," असं त्यांनी तोंडी सांगितलं, आणि मिनिटबुकात 'तक्रारीचे निराकरण झाले' एवढंच लिहिलं. चार्जर एकमतानं मंजूर झाला. टाळ्यासुद्धा वाजल्या. जिन्यावर चौगुल्यांनी मला बाजूला घेतलं. "सर, ते वहिनीचं पुढं काय झालं ओ? उजवीकडं वळा म्हनल्यावर पुढचं ऐकायचं राहिलं."

"झालं ते," मी म्हणालो.

त्या रात्री मी राउटरमध्ये नवा नियम लिहिला. दुपारी एक ते चार, 'गाडी'ला सगळ्यात आधी नेट, बाकी सगळं नंतर. तिसऱ्या खोलीचं कुलूप काढून किल्ली देवघराच्या खणात ठेवली, दुसऱ्या किल्लीशेजारी. शरयूला दोन्ही दाखवलं.

"बरं," ती म्हणाली.

पुढं रोज अडीचला स्टाफरूममध्ये मी ॲप उघडून बघायचो. आलेख तळाला सरळ, आखल्यासारखा. सोमवारी शून्य. मंगळवारी शून्य. महिन्याभरानं साबण्यांची फरशी झाली, कटर गेलं, तरी शून्य. मला हवं होतं अगदी तेच मिळालं होतं. चादर पुन्हा कपाटात गेली आणि मागच्या सीटवर प्लॅस्टिक परत चढलं. ते मी चढवलेलं नव्हतं.

सव्वा वर्षानं अपडेट आलं. एका रात्रीत, घरच्याच वायफायवरून, कसलाही अडथळा न येता. सकाळी पडद्यावर अक्षरं उमटली: मराठी आवाज उपलब्ध.

त्या रविवारी आम्हाला तासगावला साखरपुड्याला जायचं होतं. गाडी बाहेर काढली. शरयू शेजारी बसली. मी पत्ता भरला, भाषा बदलावी की नाही यावर थोडा वेळ घालवला, आणि बदलली.

"नमस्कार," गाडी म्हणाली. "प्रवासाला सुरुवात करूया."

बाईचा आवाज. स्वच्छ, बिनचूक, थोडा घाईचा.

विश्रामबाग मागं पडलं. मी म्हणालो, "कोण असेल ही?"

"उरलेल्या दोघींपैकी एक," शरयू म्हणाली.

"पुढच्या चौकात उजवीकडे वळा," गाडी म्हणाली. मी वळलो. "वेग कमी करा." मी कमी केला.

"हिचं बरं एका शब्दात ऐकता," शरयू म्हणाली आणि खिडकीबाहेर बघायला लागली.

गावाबाहेर पडल्यावर एक फाटा येतो. शरयू म्हणाली, "इथून डावीकडं घ्या. पुढं पाइपलाइनसाठी रस्ता खणलाय, सकाळी पेपरात होतं."

"हं," मी म्हणालो.

"सरळ पुढे जा," गाडी म्हणाली. मी सरळ पुढं गेलो.

किलोमीटरभरावर रस्ता संपला. दोन पिंपं, त्यांना बांधलेली लाल फीत, आणि पलीकडं माणूसभर खोल चर. मी ब्रेक दाबला. मागं ट्रॅक्टरची ट्रॉली येऊन उभी राहिली, म्हणजे ती हटेपर्यंत मागंही जाता येईना. काचेपलीकडं जेसीबीचा जबडा वर-खाली होत होता, मुकादम हात उंचावून कुणावर तरी ओरडत होता, ट्रॅक्टरवाला बहुधा मला शिव्या देत होता. यातलं काहीएक आत ऐकू येत नव्हतं. आठ महिने आणि वर सव्वा वर्ष गाडी माझ्याकडं होती. ती थांबवून मी आत नुसता बसलो असा हा पहिलाच प्रसंग.

"सरळ पुढे जा," गाडी म्हणाली.

शरयूनं पडद्याकडं बघितलं. "'सरळ'नंतर थांबायला हवं होतं," ती म्हणाली, स्वतःशीच. "आणि 'जा'वर आवाज उतरवायचा नसतो. ऐकणाऱ्याला वाटतं, हिलाच खात्री नाही."

"मग कसं म्हणायचं?" मी विचारलं. लग्नाला वीस वर्षं झाल्यावर.

तिनं पाठ सीटपासून थोडी सुटी केली, डोळे मिटले, आणि म्हणाली, "सरळ... पुढे जा."

समोर चर स्पष्ट दिसत होता. पिंपं दिसत होती. लाल फीत वाऱ्यावर हलत होती. तरी माझा पाय आपोआप ब्रेकवरून उचलला गेला.